सामानाची माणसं

माझी मुलगी सध्या जर्मनीत आहे आणि दर रविवारी फोनवर रडते. तिला घर मिळत नाही, कारण तिथल्या बँकेत तिचं खातं नाही. खातं मिळत नाही, कारण पत्त्याची नोंद नाही. आणि पत्त्याची नोंद होत नाही, कारण घर नाही. "आई, ह्याला काही लॉजिक आहे का?" असं ती विचारते. गेल्या रविवारी मी तिला म्हटलं, "आधी तिथे दूध कुणाच्या परवानगीनं तापवायचं असतं ते शोधून काढ." चेन्नईच्या उन्हानं आईचं डोकं फिरलं अशी तिची समजूत झाली, म्हणून हे प्रकरण सविस्तर लिहून ठेवते आहे. आत्मकथन लिहायला माझं वय कमी आहे, पंचेचाळिशीत बायका ट्रेकिंगला जातात, असंही ती म्हणते. जात असतील. माझे गुडघे माझ्या आईवर गेले आहेत.

मी दहावी झाले त्या उन्हाळ्यात बाबांच्या कंपनीनं चेन्नईबाहेर, इरुंगाट्टुकोट्टै नावाच्या ठिकाणी नवा कारखाना काढला. बाबा चिंचवडला टूलरूममध्ये सुपरवायझर होते. केसाच्या जाडीचा शंभरावा हिस्सा इकडचा तिकडे झाला तर त्यांना जेवण जात नसे. असा माणूस नव्या कारखान्याला हवाच होता. आईनं त्या गावाचं नाव दोन दिवस घोकलं आणि तिसऱ्या दिवसापासून ती त्याला नुसतं 'ते कोट' म्हणू लागली. निघण्यापूर्वी बाबांनी सगळं नियमाप्रमाणे केलं. गॅसचा सिलिंडर परत करून बदलीची चिठ्ठी घेतली, रेशनकार्डावरची नावं कमी करून दाखला घेतला, माझा शाळा सोडल्याचा दाखला आणि बोर्डाचं मायग्रेशन सर्टिफिकेट घेतलं. थोडक्यात, चिंचवडमधून आम्ही कागदोपत्री साफ नाहीसे झालो होतो आणि चेन्नईत अजून उगवलो नव्हतो. ह्या मधल्या अवस्थेत माणूस किती दिवस राहू शकतो, ह्याचा विचार कुणी केला नव्हता.

आम्हाला घर मिळवून दिलं सेतूरावांनी. सेतूराव म्हणजे तंजावरकडचे मराठी. कुठल्याशा कचेरीतून कारकून म्हणून निवृत्त झालेले, पांढरी वेष्टी म्हणजे तिकडचं धोतर, कपाळावर गंधाची बारीक रेघ. बाबांच्या कंपनीतल्या कुणाच्या तरी ओळखीनं ते स्टेशनवर आम्हाला घ्यायला आले आणि त्यांनी तोंड उघडलं तेव्हा आम्ही तिघंही दचकलो. त्यांचं मराठी ऐकलं की वाटे, हा मनुष्य आत्ता डोक्यावरची पगडी काढून खुंटीला लावेल. शब्द तीनशे वर्षांपूर्वीचे आणि हेल पक्का तमिळ. "प्रवास बेस झाला कीं? आतां काय काळजी नाहीं. घर पाहून ठेविलें आहे," ते म्हणाले आणि आईच्या डोळ्यांत पाणीच आलं. मैलापूरच्या तळ्यामागच्या गल्लीतलं ते घर. खाली मालकीणबाई राहणार, वर आम्ही. कारखाना तिथून कोसभर लांब नाही, चांगला दीड तासाच्या अंतरावर. पण दाखला घ्यायला तयार झालेली एकुलती एक शाळा मैलापुरात होती, म्हणून बाबांनी रोज पहाटेची कंपनीची बस पत्करली.

ट्रक दारात उभा राहिला आणि मालकीणबाई पायरीवर आल्या. नऊवारीसारखी नेसलेली मरून रंगाची साडी, नाकात दोन्ही बाजूंना चमक्या, साठीच्या पुढचं वय. त्यांचं नाव अलमेलू, पण सगळी गल्ली त्यांना मामी म्हणे. मामींनी ट्रककडे पाहिलं, आमच्याकडे पाहिलं आणि दोन्ही हात आडवे धरून दार अडवलं. मग त्या सेतूरावांशी बराच वेळ तमिळमध्ये बोलल्या. गल्लीच्या टोकाच्या देवीच्या देवळातला कर्णा सकाळपासून गात होता, त्याच्यावर आवाज चढवून बोलल्या.

सेतूरावांनी घसा साफ केला. "बाई, मामी काय सांगतात म्हणजे, कालच आडी मास लागला. आडींत कोण्ही नव्या घरांत शिरायचें नाहीं म्हणून सांगतात. घरांत पहिलें दूध उतूं घालायचें, मग माणसांनीं राहायचें. तें दूध आडींत चालत नाहीं. आवणी मास येऊं द्या म्हणून सांगतात."

"आवणी कधी येतो?" बाबांनी विचारलं.

"एक महिन्यानें."

"अहो, ट्रक उभा आहे!"

मामींना मराठी कळत नसलं तरी ट्रककडे दाखवलेलं बोट कळलं. त्यांचं इंग्रजी मोजकं पण ठाम होतं. "लगेज ओके," त्या म्हणाल्या. "पीपल, नॉट ओके."

त्या दिवशी सेतूरावांनी जो तोडगा काढला, तो मी पुढे एकाही वकिलाकडून ऐकला नाही. ते म्हणाले, सामान आत राहायला दोष नाही ना? पण सामान एकटं कसं राहील? चोरीमारी झाली तर? राखायला माणसं नकोत? मामींनी डोळे मिटून विचार केला आणि मान हलवली. सरि, म्हणजे ठीक. अशा रीतीनं आमचं सामान त्या घरात राहायला गेलं आणि आम्ही सामानाची माणसं म्हणून जिना चढलो.

सामानाच्या माणसांना नियम होते. चूल पेटवायची नाही. देव मांडायचे नाहीत. दारावर पाटी लावायची नाही. झोपायला हरकत नाही, पण गादी उलगडायची नाही, सतरंजीवर आडवं व्हायचं. आणि अर्थातच भाडेकरार करायचा नाही, कारण जे राहतच नाहीत त्यांच्याशी करार कसला? आडीत काहीही शुभ करायचं नसतं, हे मामींनी मला बोटांवर मोजून सांगितलं. आणि त्याच दुपारी त्या आडीच्या सेलमधून सवलतीत तीन साड्या घेऊन आल्या. ते चालतं म्हणे.

मात्र मामींना एक गोष्ट मान्य होती. आपण ह्यांची चूल अडवली, तेव्हा ह्यांच्या पोटाची जबाबदारी आपली. दिवसातून तीनदा जिन्यावर त्यांची पावलं वाजत आणि तूक्कु, म्हणजे त्यांचा कडीचा पितळी डबा, आमच्या उंबऱ्याबाहेर ठेवला जाई. सकाळी इडल्या किंवा मिऱ्यांचं पोंगल, दुपारी सांबार, रसम, नारळ घातलेली एखादी भाजी, संध्याकाळी दहीभात आणि लिंबाचं लोणचं. असं रसम मी आजतागायत प्यायले नाही. बाबा वाटीच तोंडाला लावत. दहा दिवसांत त्यांच्या गालांवर तकाकी आली.

वाळत चालली होती ती आई. आमच्याकडे शेजारणीचं भांडं रिकामं परत करत नाहीत. हा नियम कुठे लिहिलेला नाही, पण तो मोडण्यापेक्षा आई विहिरीत उडी मारेल. तिचं माहेर वाई; वाईच्या बाईच्या घरातून रिकामं भांडं गेलं तर उद्या लोक काय म्हणतील? 'लोक' म्हणजे कोण, हा प्रश्न तिला कधी पडला नाही. पहिल्या दिवशी डब्यातून प्रवासातले बेसनाचे लाडू गेले. मग चिवडा. मग भडंग. मग शेंगदाणे, मग गुळाचा खडा, आणि सगळं संपल्यावर दिवसातून तीनदा चिमूट चिमूट साखर. इकडे मामी चक्रावल्या. घासायला म्हणून उघडावा तर डब्यात शेंगदाणे! त्यांनी सेतूरावांना विचारलं, ह्यांच्यात हे औषध म्हणून देतात का? सेतूरावांनी रीत समजावली तेव्हा मामींनी ती आव्हान म्हणून घेतली. दुसऱ्या दिवशीपासून डब्याबरोबर वेगळ्या वाटीत पायसम, म्हणजे त्यांची खीर, येऊ लागलं. आता आईला दोन भांडी भरायची होती.

इकडे शाळा. आमच्या मुख्याध्यापिका मृदू बोलत, आणि त्यांच्या मृदू बोलण्याची मला फार भीती वाटे. अकरावीत जागा ठेवली आहे, त्या म्हणाल्या, पण प्रवेश तात्पुरता. महिनाअखेरच्या शुक्रवारपर्यंत इथल्या पत्त्याचा पुरावा आणा, नाहीतर जागा दुसऱ्या मुलीला जाईल. बाबांनी गॅसच्या कंपनीत विचारलं. गॅस मिळेल, रेशनकार्ड किंवा भाडेकरार आणा. रेशनच्या कचेरीत विचारलं. कार्ड मिळेल, साहेब घरी येऊन स्वतंत्र स्वयंपाकघर आहे का आणि त्यात चूल पेटते का ते पाहतील. चूल पेटायला गॅस. गॅसला करार. कराराला मामी. मामींना आवणी. बाबांनी एका रविवारी आलेखाच्या कागदावर कंपासनं वर्तुळ काढून त्याच्या कडेवर हे सगळं नेमक्या अंतरावर मांडलं, बाण काढले, आणि ते कंपासनं पुन्हा एकदा तपासलं. "ड्रॉइंगमध्ये चूक नाही," ते म्हणाले, "फक्त ह्यातून कुठल्याही बाजूनं बाहेर पडता येत नाही." आई म्हणाली, "नकटीच्या लग्नाला सतराशे विघ्नं." मग मधूनच सेतूरावांनी शोध लावला की आडीचा अठरावा दिवस शुभ असतो, त्या दिवशी पुष्कळ गोष्टी चालतात. शाळेची मुदत पंधराव्या दिवशी संपत होती.

तेव्हा बाबांनी दुसरी तजवीज केली. नाशिकला माझी आत्या होती. तिच्या ओळखीनं तिथल्या कॉलेजात सोय होण्यासारखी होती. शुक्रवारी शाळेचं जमलं नाही तर शनिवारच्या गाडीनं मी नाशिकला जायचं आणि दोन वर्षं आत्याकडे राहून बारावी करायची. तिकीट काढूनही झालं. खरं सांगते, आधी मला आनंद झाला. आपली भाषा, आपली भेळ, माझ्या वयाची आत्तेबहीण. पण एका दुपारी मी मागच्या दारी नळावर आईला पाहिलं. ती एकटीच होती, आणि बादली भरता भरता स्वतःशी म्हणत होती, "तण्णी म्हणजे पाणी, पाल म्हणजे दूध, पोदुम म्हणजे पुरे." बाबा पहाटे जाणार, संध्याकाळी येणार, आणि मधले तेरा तास ही बाई ह्या कर्ण्याच्या आवाजात तीन शब्दांवर काढणार. त्या दिवसापासून मला नाशिकला जायचं नव्हतं, आणि हे मी कुणालाही सांगितलं नाही. सांगून काय उपयोग होता? वर्तुळात माझ्यासाठी जागाच नव्हती.

बुधवारी आईनं घात केला. आमचा आषाढ संपत आला होता, आणि आषाढात तळण तळल्याशिवाय आमच्याकडे महिना जाऊ देत नाहीत. गूळ आणि कणकेच्या कापण्या, तिखटमिठाच्या पुऱ्या, काहीतरी कढईत पडलंच पाहिजे. त्यात साखरही संपली होती आणि मामींची दोन भांडी ओट्यावर रिकामी बसली होती. सामानात आमचा जुना वातींचा स्टोव्ह होता आणि त्याच्या टाकीत तळाशी चिंचवडचं थोडं रॉकेल. आईनं विचार केला, की मामींनी घरात चूल पेटवू नका असं सांगितलं आहे, गच्ची म्हणजे काही घर नव्हे. तळणासाठी राखून ठेवलेला गुळाचा खडा तिनं पाण्यात विरघळवला. दुपारी आम्ही दोघींनी गच्चीवर पाण्याच्या टाकीआड बसून कापण्या तळल्या. किती दिवसांनी आईच्या चेहऱ्यावर हसू पाहिलं! कढईत खसखस तडतडत होती, आई जुन्या शेजारणींच्या नकला करत होती, आणि मी गरम कापण्या फुंकून फुंकून खात होते. मग तूक्कु काठोकाठ भरून, वर पुऱ्या रचून, तिनं तो स्वतः खाली नेऊन दिला.

मामींनी झाकण उघडलं. वाफ आली. त्यांनी एक कापणी उचलली, बोटांत धरली आणि विचारलं, "हॉट?"

आई अभिमानानं म्हणाली, "हॉट, हॉट!"

पुढचं आम्हाला कळायला सेतूरावांना बोलवावं लागलं, पण सूर आधीच कळला होता. चूल पेटवली हा एक गुन्हा. आडीत पेटवली हा दुसरा. आणि तिसरा, ज्याला क्षमा नाही, तो म्हणजे घरातला पहिला विस्तव दुधाला न लावता तेलाला लावला. दूध उतू जाण्याआधी ज्या घरात तेल उकळतं त्या घरात काय होतं, हे सांगताना मामींचा आवाज कापत होता. "गच्ची घराची नव्हे म्हणून ह्या सांगतात," सेतूरावांनी आईची बाजू मांडून पाहिली. त्यावर मामींनी विचारलं, मग ती काय शेजारच्यांची आहे? मामींनी तूक्कु तसाच भरलेला आमच्या उंबऱ्यात आणून ठेवला. सामान न्या, म्हणाल्या. त्या संध्याकाळी दहीभात आला नाही. आम्ही तिघांनी कापण्या खाल्ल्या. बाबा तेवढं म्हणाले, "खुसखुशीत झाल्यात," आणि आई पदराआड रडली.

गुरुवारी दुपारी एकच्या सुमारास रेशनचे साहेब आले. बाबांनी रजा घेतली होती, सेतूराव मदतीला येऊन बसले होते. साहेब म्हणजे एक घामाघूम, सज्जन गृहस्थ, काखेत वही. त्यांनी खाली मामींना विचारलं, वर कुणी राहतं का? मामींची पंचाईत झाली. राहतात म्हणावं तर आडी मोडला, नाही म्हणावं तर वरून आईचा खोकला ऐकू येत होता. साहेब जिना चढून आले. मागोमाग मामीही आल्या, बहुधा आम्ही काय खोटं बोलतो ते ऐकायला. साहेबांनी स्वयंपाकघर पाहिलं. ओटा स्वच्छ, शेगडीला सिलिंडर नाही, डबे रिकामे.

"स्वयंपाक कुठे करता?"

सेतूरावांनी भाषांतर केलं. आई खोटं बोलायच्या मनःस्थितीत नव्हती. "करत नाही," ती म्हणाली.

"मग जेवता काय?"

"मामी पाठवतात."

"रोज?"

"तीन वेळा."

साहेबांचा चेहरा उजळला. मग सोपं आहे, ते म्हणाले. एका चुलीवर जेवणारे ते एक कुटुंब. वेगळ्या कार्डाची गरजच नाही, ह्या तिघांची नावं मामींच्या कार्डात घालून टाकू. ते खुर्चीवर बसले, वही उघडली आणि लिहायला लागले. कुटुंबप्रमुख, अलमेलू. मग मामींकडे वळून विचारलं, "हे तुमचे कोण?"

"कोणी नाहीत!" मामी ओरडल्या.

"मग इतके दिवस जेवायला का घालता?"

"आडी आहे म्हणून!"

साहेबांनी समजल्यासारखी मान डोलावली. हे कारण त्यांना पूर्ण पटलं. पण नात्याचा रकाना रिकामा सोडता येत नव्हता. त्यांनी बाबांकडे बोट केलं. "मुलगा लिहू का?" बाबा तेव्हा चव्वेचाळीस वर्षांचे होते, मामी साठीच्या. हिशेब बसत नव्हता. "मग जावई?" मामींनी कपाळावर हात मारला. त्यांना दोन मुलगे होते, मुलगी नव्हती. एकीकडे बाबा सेतूरावांना कुजबुजत विचारत होते, "जावई चालेल का शाळेला?" आणि मला एकदम रडू कोसळलं. मोठ्यानं, लहान मुलासारखं. "मला नाही जायचं नाशिकला," मी म्हणाले. "मला कुणाचं काही लिहा, पण मला आईजवळ राहायचंय."

मामींनी सेतूरावांना विचारलं, ही का रडते? सेतूरावांनी सांगितलं. शाळा, उद्याची मुदत, शनिवारचं तिकीट, दोन वर्षं आत्याकडे. मामींना ह्यातलं काहीच माहीत नव्हतं. त्यांना वाटत होतं, एका महिन्याचा तर प्रश्न आहे, इतकं काय अडलंय. त्या माझ्याजवळ आल्या. मग सेतूरावांशी हळू आवाजात बोलल्या, आणि सेतूराव भाषांतर करताना प्रथमच अडखळले.

"मामी काय सांगतात म्हणजे... आडींत लग्न झालेली मुलगी सुद्धां सासरहून आईच्या घरीं आणतात. महिनाभर आईपाशीं ठेवितात. आडी मास आईचा म्हणून सांगतात. ह्या मासांत मुलीला आईपासून काढून गाडींत बसवायचें, हें पाप दुधाहून मोठें म्हणून सांगतात." मग ते आईकडे वळले. "आतां विचारतात, स्टोव्ह कोठें आहे?"

आई स्टोव्ह आणायला धावली. त्यातलं रॉकेल काल कापण्यांनी पिऊन टाकलं होतं. मामी खालून आपली रॉकेलची बाटली, पितळी पातेलं, दुधाच्या दोन पिशव्या आणि हळदकुंकू घेऊन आल्या. साठीची बाई, दोन दोन पायऱ्या गाळत आली. कारण गुरुवारी दीड वाजता राहुकाळ लागतो आणि घड्याळात एक वाजून दहा मिनिटं झाली होती. आडीला फाटा देता येतो, राहुकाळाला नाही. पातेल्याला हळदीकुंकवाची बोटं लागली, स्टोव्ह पूर्वेला तोंड करून मांडला गेला, बाबा हातातलं घड्याळ काढून मिनिटं मोजू लागले आणि साहेब टोपण लावलेलं पेन धरून उभे राहिले. आम्ही सगळे त्या दुधाकडे बघत होतो. बघत असलं की दूध तापत नाही, हे जगात सगळीकडे सारखंच आहे.

दूध तापेपर्यंत मामी बोलत होत्या. त्यांचे यजमान नव्या विचारांचे, ह्या असल्या गोष्टी न मानणारे. लग्नानंतर त्यांनी हट्टानं आडीतच ह्या घरात बिऱ्हाड केलं, दूध उतू घातलं. त्याचं फळ काय? एकेचाळीस वर्षं भांडण. एक दिवस सुना गेला नाही. कॉफी पातळ झाली म्हणून, वर्तमानपत्र आधी कुणी वाचायचं म्हणून, पंखा किती नंबरवर फिरावा म्हणून. आडीत दूध घातलेल्या घरात माणसं मरत नाहीत की आजारी पडत नाहीत, भांडतात. "आता तुमचं माझं भांडण होणार," मामी आईला म्हणाल्या, "लिहून ठेवा." यजमान जाऊन तीन वर्षं झाली होती. हे सांगताना मामींनी पंख्याकडे पाहिलं. तो त्यांच्या यजमानांनीच बसवलेला होता.

एक वाजून तेवीस मिनिटांनी दूध वर आलं. पांढरा फेस काठाला टेकला, मामींनी हात जोडले, आणि त्याच क्षणी आईनं पातेलं उतरवलं.

तिला दोष देता येत नाही. वीस वर्षांची सवय. दूध वर आलं की तिचा हात सांडशीकडे जायचा, विचार मागून यायचा. हातातल्या पातेल्याकडे बघत ती उभी राहिली आणि म्हणाली, "अगं बाई." मामींनी जी किंकाळी फोडली, ती ऐकून गल्लीतली फुलवाली वर बघायला आली. बाबा ओरडले, "सहा मिनिटं!" एकदा उतरवलेलं दूध चालत नाही म्हणे, म्हणून ते बाजूला ओतून दुसरी पिशवी दातांनी फाडून पातेल्यात गेली. ह्या खेपेला मामींनी स्टोव्हच्या वाती शेवटपर्यंत वर केल्या आणि आईची दोन्ही मनगटं पाठीमागे धरून ठेवली. दीडला एक मिनिट कमी असताना दूध उसळलं, काठावरून ओसंडलं, स्टोव्हवर चर्रकन सांडलं आणि घरभर करपल्याचा वास पसरला. मामी हसत होत्या. आई हसत होती. दोघींचे हात अजून तसेच होते.

साहेबांनी समाधानानं वही मिटली. बाबा म्हणाले, "लिहा ना." साहेब म्हणाले, "आता राहुकाळ लागला. तीनला लिहितो." मग ते दीड तास आमच्या न उलगडलेल्या गादीच्या वळकटीवर बसून साखर न घातलेलं दूध प्याले, काल उरलेल्या कापण्या त्यांनी संपवल्या, आणि बरोबर तीन वाजता लिहिलं, की स्वतंत्र स्वयंपाकघर, चूल पेटलेली, समक्ष पाहिली. त्यांनी दिलेली पावती आणि मामींनी सही केलेला करार घेऊन बाबांनी शुक्रवारी शाळा उघडायच्या आधी दार गाठलं. नाशिकचं तिकीट मी अजून जपून ठेवलं आहे.

मामींचं भाकीत मात्र अक्षरशः खरं ठरलं. पहिलं भांडण चौथ्या दिवशी झालं, दोरीवरच्या कपड्यांवरून. मग सव्वीस वर्षं खंड नाही. पाण्याच्या मोटारीवरून, रांगोळी पिठाची की पांढऱ्या दगडाची ह्यावरून, आमटीत गूळ घालणारी माणसं माणसं आहेत का ह्यावरून. आई भांडत भांडत तमिळ शिकली आणि मामी भांडत भांडत मराठी. शेवटी शेवटी तर मामी आईला मराठीत टाकून बोलत आणि आई तमिळमध्ये उलट उत्तर देई, म्हणजे समोरचीला नीट लागावं. ह्या काळात तूक्कु एकदाही रिकामा खाली गेला नाही की रिकामा वर आला नाही. भांडण ऐन रंगात असताना सुद्धा.

मामी गेल्या त्याला आता दोन वर्षं होतील. खालचं घर त्यांच्या धाकट्या मुलानं वर्षभर बंद ठेवलं. आई जिन्यात बसून राही. मी आठवड्यातून एकदा जाते, तेव्हा माझ्याशी भांडण काढायचा प्रयत्न करी, पण मी लेक, मला जमत नाही, मी लगेच माघार घेते. बाबांनी तर निवृत्तीपासून कानातलं यंत्रच बंद ठेवलेलं.

गेल्या वर्षी एक तरुण जोडपं तिथे भाड्यानं राहायला टेम्पो घेऊन आलं. नागपूरकडचे दोघं, नवऱ्याला इथे नोकरी लागलेली. मी त्या दिवशी तिथेच होते. मुलगी चुणचुणीत होती, तिनं सगळी माहिती आधीच काढली होती. पायरीवरूनच ती आईला म्हणाली, "काकू, आम्हाला सांगितलंय, आडी चालू आहे ना. आम्ही आज नुसतं सामान ठेवतो. महिनाभर हॉटेलात राहू, मग चांगला दिवस बघून दूध उतू घालू."

आईनं जिन्याचा कठडा धरला आणि ती उठली. सत्तरीची बाई, एक एक पायरी उतरत खाली आली. मामींचा तूक्कु तिच्या हातात होता, आत दूध होतं, सकाळपासून भरून ठेवलेलं.

"हॉटेलबिटेल काही नको," ती म्हणाली. "शेगडी कुठे आहे? आत्ताच घालू."

बाबांनी वरून ऐकलं असावं, यंत्र त्या दिवशी कसं कोण जाणे चालू होतं. ते खिडकीतून म्हणाले, "अगं, आडीत घालू नको. आयुष्यभर भांडत बसाल."

आईनं मान वर करून त्यांच्याकडे पाहिलं. "मग?" ती म्हणाली. "दुसऱ्या कशासाठी घालतेय?"

आणि दूध वर येऊ लागलं तेव्हा तिनं आपले दोन्ही हात स्वतःच पाठीमागे घेतले आणि घट्ट धरून ठेवले.